दोन पंख्यांचं कार्ड

रविवार, ६ जुलै

वही दिलीस, पेन द्यायला विसरलीस. वर मला बजावलंस, "आजी, रोज काहीतरी सांगत जा, सुट्टीत आले की सगळं वाचीन." आपण कुणाला वही दिली होती, हे सुट्टीपर्यंत तुझ्या लक्षात राहिलं तरी मिळवलं. तुझा एक मोजा पलंगाखाली सापडला आणि तुझ्या बॅगेच्या कुलपाची किल्ली फ्रिजवर. म्हणजे बॅग तिकडे, किल्ली इकडे. कुलूप कसं उघडलंस ते कळव, या वयात एखादी नवी कला शिकून घेईन म्हणते.

सांगते मी, लिहिते तुझी आई. मला अक्षर येत नाही, तेव्हा ती काय लिहिते ते तिचं तिला ठाऊक. पण खोडलं की काळं दिसतं, तेवढं मला कळतं. सूनबाई, खोडायचं नाही. हेही लिही.

तर बातमी अशी, की तुझ्या बापाचं त्याच्या कॉम्प्युटरशी बिनसलंय. तो फर्निचर कंपनीसाठी स्वयंपाकघरांची चित्रं करतो ते तुला माहीत आहेच. गिऱ्हाईक चित्र बघून हो म्हणतं आणि मग सुतार फळ्या कापायला घेतात. तर गेल्या आठवड्यात त्याची दोन चित्रं परत आली. एकात कपाटाचं दार फ्रिजवर आपटत होतं. तिकडच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं." अठरा वर्षांत त्याला हे कुणी म्हटलं नव्हतं.

तो म्हणतो दोष मशीनचा. स्क्रीनवर रेषा थरथरते. सरळ ओढली तरी मध्ये खचल्यासारखी दिसते. स्क्रीनवर चित्र पाठवणारं आतलं ग्राफिक्स कार्ड म्हाताऱ्यासारखं झालंय. मी म्हटलं, म्हाताऱ्यांना मध्ये आणू नकोस, मी अजून सुईत दोरा ओवते.

बुधवार, ९ जुलै

कंपनी नवं शोरूम काढते आहे. त्यातली सगळी स्वयंपाकघरं महिनाअखेरपर्यंत चित्रात उभी करून द्यायची आहेत. जमलं तर पुढचंही सगळं काम तुझ्या बापाकडे, नाही जमलं तर मॅडमनी दुसरा माणूस बघून ठेवलाय. मॅडमनी तसं सांगितलं नाही, पण "दुसरीकडेही विचारून ठेवलंय" म्हणाल्या. म्हणजे तेच.

घरात आणखी एक. तुझ्या आईबापाचं काहीतरी फाटलंय. ती बोलते तेव्हा तो तिच्या तोंडाकडे बघत नाही, कानाकडे बघतो. मी सकाळी मुद्दाम लक्ष ठेवलं. चहा देताना ती समोर उभी आणि हा बघतोय तिच्या खांद्यावरून खिडकीकडे. मी तिला विचारलं, "काय गं, कानातलं नवीन घेतलंस की काय?"

आता ती लिहायची थांबली आहे. भांडण माझ्यापासून लपवायचं असेल तर निदान एकमेकांकडे रागाने बघा. कानाकडे बघून कोण भांडतं?

शनिवार, १२ जुलै

तुझा मामा आला होता. त्याच्या मते जगातली कुठलीही वस्तू चार स्क्रू काढल्याशिवाय समजत नाही. त्याने कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलावर आडवं घातलं, बाजूचं झाकण काढलं आणि आतली धूळ बघून माझ्याकडे पाहिलं, जणू मीच तिथे झाडू मारायला विसरले.

कार्ड म्हणजे एक चपटी पेटी. एक पंखा, खाली सोनेरी दात. मोठ्या हिरव्या पाटीत ती उभी खोचलेली असते. त्या पाटीला मदरबोर्ड म्हणतात. मामा म्हणाला, "भावोजी, हे मी घरी नेऊन माझ्या मशीनवर लावून बघतो. खरंच गेलं असेल तर कळेल. तोवर तुम्ही स्क्रीनची केबल थेट बोर्डावर लावा. साधं चित्र बोर्डही दाखवतो."

केबल त्याने तुझ्या बापाकडूनच लावून घेतली. मागच्या बाजूला हात घालून, न बघता. दोन-तीनदा चाचपून बसली. मामा म्हणाला, "वाकून बघा की." तुझा बाप म्हणाला, "सवय करतोय. रोज कोण वाकणार?"

तुझी आई मध्येच म्हणाली, "अहो, मशीनचं होईल. एकदा डोळे दाखवून या ना."

तो म्हणाला, "चष्मा मागच्याच वर्षी बदललाय."

मीही त्याचीच री ओढली. चष्म्याच्या दुकानात शिरलं की रिकाम्या हाताने कुणी बाहेर येत नाही. म्हटलं, आधी मशीनचं बघू.

मंगळवार, १५ जुलै

मामाचा फोन. जुनं कार्ड त्याच्या मशीनवर झकास चालतंय. दोन दिवस चालवलं, एक रेषा हलली नाही.

तुझा बाप म्हणाला, "तू त्याच्यावर सिनेमे बघतोस. माझं काम बारीक रेषांचं आहे. तुला कळायचं नाही ते."

पलीकडून मामा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. यानेच फोन ठेवला. तुझी आई दारात उभी होती. ती म्हणाली, "तो म्हणतोय कार्ड चांगलं आहे." हा म्हणाला, "ऐकलं मी." मला वाटलं होतं, आता तरी जोरात भांडतील आणि मोकळी होतील. पण नाही.

नवं कार्ड घ्यायचं ठरलंय.

शनिवार, १९ जुलै

कार्ड आणायला मीही गेले. घरात बसून बसून माझे गुडघे खुर्चीच्या आकाराचे झालेत. मामा, तुझा बाप आणि मी. जाताना तुझ्या बापाने माझं कोपर धरलं, "आई, सांभाळून, पायरी आहे." प्रत्येक पायरीला. इतका मायाळू तो लहानपणीही नव्हता. एकदा तर मी पायरी उतरले, आणि मग तो म्हणाला, "पायरी आहे."

दुकानात भिंतभर खोकी. दुकानदार बोलका, कुणालाही 'सर' म्हणणारा. मलाही एकदा म्हणाला, मग जीभ चावली. त्याने तीन खोकी काढून मांडली. बारीक अक्षरं मामा वाचत होता. तुझा बाप म्हणाला, "तूच वाच, मी ऐकतो." वाचता वाचता मामाच्या घशाला कोरड पडली, पण तुझ्या बापाने एकदाही खोकं हातात घेऊन पाहिलं नाही.

एक होतं तीन पंख्यांचं, लांबलचक. तुझ्या बापाने त्यावर वीत टाकली, मग बोटं जोडली आणि म्हणाला, "आत डिस्कच्या खणाला आपटेल." दुकानदाराने टेप लावून बघितली. बरोबर निघालं. सगळ्यात छोटं खोकं तो नको म्हणाला, त्याच्याने शोरूमचं काम ओढवणार नाही. मग दोन पंख्यांचं ठरलं. पॉवर सप्लाय पुरेल का, आठ टोकांची वायर आहे का, सगळं त्याला तोंडपाठ. आपल्या पोराला एवढं कळतं म्हणून मी उगाचच दुकानदाराकडे बघून हसले.

मी विचारलं, "एवढ्याशा वस्तूला पंखे कशाला?"

दुकानदार म्हणाला, "फार तापतं ना आजी."

"मग त्याला कमी विचार करायला सांगा."

त्याने दोन स्क्रीन शेजारी शेजारी लावून दाखवले. डावीकडे साधं चित्र, उजवीकडे या कार्डाचं. दोन्हीत घोडा पळत होता. मला आधी फरक कळेना, मग दिसलं, उजव्या घोड्याच्या आयाळीचा केसन् केस वेगळा उडत होता. तुझा बाप म्हणाला, "वा, जमीन-अस्मानाचा फरक आहे." हे म्हणताना तो दोन्ही घोड्यांच्या मधल्या भिंतीकडे बघत होता. तिथे आगीचं चित्र काढलेली पाटी चिकटवलेली होती.

खोकं त्याने पोटाशी धरून आणलं. मामाला हात लावू दिला नाही.

रविवार, २० जुलै

आज कार्ड बसवलं. बसवलं त्याने, घाम गाळला आम्ही सगळ्यांनी.

मामा येतो म्हणाला होता, पण तुझ्या बापाने त्याला नको म्हणून कळवलं. ज्या मशीनवर पोट भरतो, त्याचं पोट आपल्याला उघडता येतं, हे त्याला दाखवायचं असावं. सकाळचं ऊन होतं, तरी त्याने दिवा लावायला सांगितला आणि तुझ्या आईला बॅटरी धरून उभं केलं. "इकडे धर. इकडे नाही, इकडे." ती म्हणाली, "अहो, बरोबर तिथेच धरलीय."

आधी वीज काढली. मग लोखंडाला हात लावून अंगातली वीज घालवली. ती अंगात असते म्हणे, माझ्या तर अंगात उभं राहायचीही ताकद नसते. मागच्या पट्टीचे दोन स्क्रू काढायचे होते. एक हातातून निसटून फरशीवर पडला. त्याच्या पायाजवळच, चकचकत. आणि हा गुडघ्यावर बसून हाताच्या पंजाने फरशी पुसल्यासारखा शोधतोय. मला वाटलं आमची गंमत करतोय. मी म्हटलं, "पायाशी आहे रे, साप असता तर चावला असता." त्याने पाय सरकवला आणि स्क्रू कपाटाखाली गेला. तुझ्या आईने दुसरा आणून दिला.

मग कार्ड. ते त्याने दोन्ही हातांनी असं धरलं जसं तुला पहिल्यांदा दवाखान्यात धरलं होतं. खाचेवर टेकवलं, अंगठ्यांनी दाबलं. एक बाजू बसली, दुसरी बसेना. डोळे मिटून परत दाबलं आणि खटका पडला. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की विचारू नकोस. आठ टोकांची वायर लावली, झाकण लावलं, कॅबिनेट उभं केलं, ढकलून जागेवर सरकवलं आणि मागे हात घालून स्क्रीनची केबल लावली.

चालू केल्यावर पंखे फिरले. खरंच, एवढेसे पंखे आणि आवाज कसा हळू, झोपलेल्या मांजरासारखा. स्क्रीन उजळला.

तुझ्या आईने विचारलं, "कसं दिसतंय?"

तो म्हणाला, "पाण्यासारखं स्वच्छ."

"रेषा?"

"सरळ. एकदम सरळ."

ती बॅटरी तशीच पेटती धरून त्याच्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, बंद कर गं, सेल जातील.

मंगळवार, २२ जुलै

घरात शांतता आहे, चांगली. तो गुणगुणत काम करतो. नाक स्क्रीनला टेकायचं बाकी असतं. नव्या वस्तूचं कौतुक असतंच.

शनिवार, २६ जुलै

आज तुझा फोन आला तेव्हा त्याने तुला कार्डाचं इतकं वर्णन ऐकवलं की तू शेवटी म्हणालीस, "बाबा, लग्न ठरलंय का तुमचं त्याच्याशी?" तो खूप हसला. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तसाच बसून होता, फोन हातात उलटा धरून.

मॅडमचाही आला. शोरूमची पहिली चित्रं पोचली. बाई ओरडल्या नाहीत. अगदी हळू बोलत होत्या, लहान मुलाला सांगतात तसं, "सर, ओट्याची कड आणि भिंत जुळत नाहीये. सगळ्या चित्रांत. तुम्ही एकदा बघाल का?" तो म्हणाला, "नवीन कार्ड आहे, सेटिंग राहिलं असेल."

मला ती हळू बोललेली आवडली नाही. कामावर ठेवायचं असतं त्याला माणूस ओरडतो.

मंगळवार, २९ जुलै

हे सांगायला मला जड जातंय आणि लिहायला तुझ्या आईला. तरी लिही, सूनबाई.

आज मामा आला. कार्ड बघायला, म्हणजे स्वतःचं कौतुक ऐकायला. त्यानेच दुकान सुचवलं होतं ना. तुझ्या बापाने त्याला खुर्चीत बसवलं आणि वर्णन सुरू केलं. रंग कसे उठून दिसतात, रेषा कशी केसासारखी, जुन्या कार्डावर कशी थरथरायची, आता कशी हूं की चूं करत नाही. मामा मान डोलवत होता. मग कशाला तरी तो कॅबिनेटच्या मागे वाकला, धूळ बघायला असेल, आणि तसाच राहिला.

म्हणाला, "भावोजी, केबल बोर्डावर आहे."

"कुठे?"

"जुन्या जागी. मी तात्पुरती लावायला सांगितली होती तिथेच. कार्डावर लावलीच नाहीत तुम्ही."

मला काही उमजेना. मी म्हटलं, "अरे, पण पंखे फिरतात की."

मामा म्हणाला, "पंखे फिरतात मावशी, त्यांना वीज मिळते. चित्र मात्र बोर्डाचंच येतंय, साधंच. कार्डाचं चित्र अजून कुणी पाहिलेलंच नाही."

बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. तो लाल झाला. तुझा बाप खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "मग लाव तिकडे."

मामाने केबल काढून खाली कार्डावर लावली. स्क्रीन काळा झाला, परत उजळला. एक स्वयंपाकघर होतं त्यावर, निळी कपाटं. मला सुद्धा फरक दिसला गं. कपाटाच्या लाकडाच्या शिरा दिसायला लागल्या. आणि ओट्याची कड भिंतीला सोडून चाललेली, तीही दिसली.

मामा हळूच म्हणाला, "आता बघा."

तुझा बाप बघायला लागला. आधी समोरून, मग मान वाकडी करून, मग कडेने, कोंबडी दाणा बघते तसा. "हो," म्हणाला. "आता... आता जरा..."

तुझी आई म्हणाली, "अहो, पुरे."

तो थांबला. मग मला म्हणाला, "आई, तू इकडे ये. ही ओट्याची रेघ. सरळ आहे का?"

मी बोट ठेवून बघितली. "सरळ आहे की."

"मध्ये खचलेली नाही?"

"नाही रे."

"मला मध्ये भोक दिसतं," तो म्हणाला. "आता तर तुझं बोटही त्यात गेलं."

मामाने चहा घेतला नाही. जाताना त्याने जिन्यात तुझ्या आईला काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं रे. त्यांनी कबूल करायची वाट बघत होते." म्हणजे ते कानाकडे बघणं भांडण नव्हतं. कडेनेच तेवढी दिसत असेल ती त्याला.

शुक्रवार, १ ऑगस्ट

डोळ्यांचं मोठं इस्पितळ. रांग, थेंब, पुन्हा रांग, पुन्हा थेंब. डॉक्टरीण तरुण आहे, तुझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. तिने त्याला चौकटी-चौकटींचा कागद दिला. एकेक डोळा झाकायचा आणि मधल्या ठिपक्याकडे बघायचं. "रेषा कशा दिसतात?" तिने विचारलं. तो म्हणाला, "पेन्सिल द्या, काढून दाखवतो." आणि त्याने काढलं. चौकटी मधोमध कशा आत ओढल्या गेल्यात, कुठे तुटतात, कुठे काहीच नाही. कागद हातात घेऊन डॉक्टरीण बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, इतकं नेमकं आजवर कुणी काढून दिलं नव्हतं.

महिनाभरात त्याच्या चित्राचं कौतुक झालं ते एवढंच.

डोळ्याच्या आत अगदी मागे, मधोमध एक जागा असते, बारीक सगळं तिथून दिसतं. उजव्याची ती जागा गेली आहे. डाव्याची चालली आहे. कडेचं दिसत राहील, म्हणजे भिंत, दार, माणूस आला-गेला. अक्षर नाही, रेष नाही, तोंड नाही. डाव्या डोळ्यात सुई देतील, त्याने जे उरलंय ते काही दिवस टिकलं तर टिकेल. गेलेलं परत येणार नाही.

ती म्हणाली, "डाव्यात हे महिन्याभरापूर्वी नुकतंच सुरू झालं असणार. तेव्हा आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं. काय करत होतात?"

तुझा बाप म्हणाला, "कार्ड निवडत होतो."

तिला वाटलं तो दुसऱ्या कशाबद्दल बोलतोय. तिने पुढचं लिहून दिलं.

परतताना त्याने माझं कोपर धरलं. आज 'आई, सांभाळून' म्हणाला नाही. पायरी आली की मीच सांगत होते.

बुधवार, ६ ऑगस्ट

सुई दिली. डोळा लाल आहे. तो मागच्या खोलीत बसतो, कॉम्प्युटर चालू करतो, पंखे ऐकतो आणि बंद करतो.

आज मी त्याला समजवायला गेले. म्हटलं, "अरे, माझ्याकडे बघ. एक अक्षर येत नाही मला. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, कुणाकुणाला विचारून विचारून जन्म काढला. काही अडलं का?"

तो म्हणाला, "आई, तुझ्याकडून कुणी काढून नाही घेतलं."

मी उठून स्वयंपाकघरात आले. तुझ्या आईला म्हटलं, मला काही काम दे. तिने शेंगा सोलायला दिल्या. माझं तोंड बंद करता येईल असं काही आजवर या घरात कुणाला सापडलं नव्हतं. एक सापडलं.

सोमवार, ११ ऑगस्ट

तुझी आई कामाच्या शोधात बाहेर गेली होती. हे तुझ्यापासून लपवायचं नाही, असं तीच म्हणाली, तेव्हा सांगते. घरी मी आणि तो. मॅडमचं पत्र आलं, कॉम्प्युटरवर. सून येईपर्यंत थांब, ती वाचेल, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "तिच्या आवाजात ऐकायचं नाहीये मला."

मामाने त्याला एक युक्ती करून दिली आहे. एक कळ दाबली की अक्षर वाढत जातं. वाढत वाढत एकच अक्षर सगळा स्क्रीन व्यापतं. इतकं मोठं करूनही कार्ड ते जराही फाटू देत नाही. काठ कसे सुरीने कापल्यासारखे. मामा म्हणाला होता तेवढं ते चांगलं आहेच.

पहिलं अक्षर त्याने मान वळवून वळवून स्वतः ओळखलं. 'आ'. दुसऱ्याला अडला. म्हणाला, "आई, तू सांग कसं दिसतंय."

मी सांगायला लागले. "उजवीकडे उभी काठी आहे. डावीकडे एक गाठ आहे, खाली. गाठ काठीला बांधलीय."

"वरची आडवी रेघ? सबंध आहे की मध्ये तुटलीय?"

मी उठून जवळ गेले, हात लावून बघितलं. "तुटलीय. तिथे जरा वळलीय."

"मग 'भ'. पुढे?"

"नुसतीच काठी."

"हं. त्याच्या पुढे?"

"एक वाकडा माणूस. पुढे पाय टाकलाय."

त्याने कळीवरचं बोट काढलं. मला वाटलं माझं सांगायचं चुकलं. म्हटलं, "परत सांगू का? नीट बघते थांब."

"नको. बरोबर सांगितलंस," तो म्हणाला. "'आभार' आहे."

"मग चांगलंच की. पुढचं बघू."

"पुढचं नको. पुढे काम द्यायचं असेल तर सुरुवातीलाच कुणी आभार मानत नाही."

त्याने बटण दाबून मशीन बंद केलं. पंखे जरा वेळ आपले आपण फिरत राहिले. सत्तर वर्षांत मी वाचलेला हा पहिला शब्द, तोही अर्धाच माझा.

तुझ्या आईने संध्याकाळी ते सगळं वाचलं. त्याचं बरोबर होतं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

काल तू फोन केलास आणि विचारलंस, "बाबा, कसं चाललंय तुमचं नवं कार्ड?" तो म्हणाला, "उत्तम." तुझ्या आईने फोन घेतला, दोनदा तोंड उघडलं आणि हवापाण्याचं बोलली. मग रात्रभर विचार करून सकाळी मला म्हणाली, "आई, मला फोनवर नाही जमणार. वहीच पाठवून देऊ." तेव्हा सुट्टीची वाट न बघता ही तुला आत्ताच येते आहे. एका बैठकीत वाच, पण चालत्या गाडीत वाचू नकोस, उतरायचं विसरशील.

परीक्षा सोडून धावत येऊ नकोस. येऊन करायला इथे काही नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा सुई आहे. मामा दुकानात कार्ड परत घेता का विचारून आला, पण खोकं फोडलेलं म्हणून दुकानदार नाही म्हणाला. ते आहे तिथेच आहे. तुझा बाप दिवसातून एकदा बसून मोठी अक्षरं लावतो, ओळ पुरी होण्याआधी डोकं धरतो आणि उठतो. तुझ्या आईला शिवणकामाच्या कारखान्यात काम लागलंय, सोमवारपासून. मग दुपारभर त्याच्याजवळ मी. त्याला दिसत नाही आणि मला वाचता येत नाही, आमची जोडी कुठल्या कामाची ते तूच सांग.

फोनवर यातलं काही काढू नकोस. तो 'उत्तम' म्हणाला तर तूही हो म्हण. आणि रडायचं ते फोन ठेवल्यावर, त्याला हल्ली कानाने फार कळतं.

खायला काही पाठवणार असशील, आणि मी तुला ओळखते, पाठवशीलच, तर गाजरं पाठवू नकोस. बातमी फुटल्यापासून खालच्या मजल्यापासून वरच्यापर्यंत जो तो गाजरं आणून देतो आहे, ठेवायला जागा उरली नाही आणि ती बघितली की तो ताटावरून उठतो. खजूर पाठव. मऊ, बिया काढलेला. एक एक उघडून बघ, बी राहिलेली असायला नको. आणि डब्यात दुसरं काही मिसळू नकोस, बदाम नको, काजू नको, नुसता खजूर. दोन तऱ्हेचं असलं की तो बोटांनी चाचपत बसतो, आणि आपण बघतोय असं वाटलं की म्हणतो भूक नाही.